आकाशवाणीचं कॅन्टीन आणि दुपारचे दोन

आमच्या मलकापुरातले एक आबा आहेत. आता थकलेत, पण एकेकाळी महिन्यातून एक मुंबईवारी ठरलेली. रात्री ओगलेवाडीच्या स्टेशनवरून महालक्ष्मी पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि पायी पायी आकाशवाणी आमदार निवासाचं कॅन्टीन गाठायचं. आबांना कधी कुठलं पद नव्हतं. फक्त राजकारणाचं वेड. आणि पिशवीत लोकांचे कागद. कुणाची पेन्शन, कुणाचा रस्ता, एखाद्या कोयना धरणग्रस्ताची जमीन.

गाडी सकाळी सातच्या सुमाराला पोचते. मंत्रालयात सामान्य माणसाला सोडतात दुपारी दोननंतर. मधले सात तास तीनशे किलोमीटरवरनं आलेल्या माणसानं जायचं कुठं? नरिमन पॉइंटच्या हॉटेलात आपला चहासुद्धा परवडत नाही. म्हणून हे कॅन्टीन. मंत्रालय हाकेच्या अंतरावर, आणि एका चहावर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही.

डिप्लोमा करून मी नुकताच बातमीदारीला लागलो होतो, तेव्हा आबांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं. म्हणाले, "कोण कुणाच्या टेबलावर बसलाय तेवढं बघ. ह्यो गडी मागल्या खेपेला साहेबांच्या शेजारी बसायचा, आज दाराजवळ बसलाय. तिकीट गेलं बघ ह्याचं." आणि खरंच गेलं! पृथ्वीराजबाबा मुख्यमंत्री होते, २०१० ते २०१४, तेव्हा तर तिथं बसलं की कराडच्या एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे जुलै २०२५ मधला तो व्हिडिओ. अधिवेशन सुरू होतं. डाळ शिळी आहे म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड बनियन-टॉवेलवर खाली आले आणि कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला त्यांनी मारलं. अन्न व औषध प्रशासनानं लगेच तपासणी करून ठेकेदाराचा परवाना निलंबित केला. विरोधकांनी विधानभवनात बनियन-टॉवेल घालून आंदोलन केलं. चार-आठ दिवस चॅनेलना दुसरा विषय नव्हता.

डाळ खराब असेल तर तक्रार व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण तीच डाळ रोज शेकडो कार्यकर्ते, ड्रायव्हर, पोलीस, गावाकडची माणसं खात होती. तपासणीला मुहूर्त लागला तो आमदारांच्या ताटात आल्यावर. आणि मार कुणाला? कॅन्टीनमध्ये नोकरी करणाऱ्याला.

आता माझंही सांगतो. काही वर्षांपूर्वी त्याच भागात एका पुढाऱ्याच्या माणसानं चहा उशिरा आणला म्हणून एका पोऱ्याला सगळ्यांसमोर आईवरून शिव्या दिल्या. मी शेजारच्याच टेबलावर होतो. त्या पुढाऱ्याची मुलाखत पाहिजे होती, म्हणून मान खाली घालून पोहे खात बसलो. मुलाखत मिळाली, छापूनही आली. पोऱ्याचं नाव मी विचारलं नाही.

हा व्हिडिओ आबांना मोबाईलवर दाखवला. आबांनी दोनदा बघितला. आमदार कुठल्या गटाचा, आता सरकारचं काय होणार, असलं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "ते पोरगं कुठल्या गावचं रं?"

मला सांगता आलं नाही. आठ दिवस सगळ्या बातम्या वाचून, बघून मला आमदारांचे जुने वाद पाठ झाले होते, पण त्या पोराचं गाव माहीत नव्हतं.

आबांच्या पिशवीत अजून एका धरणग्रस्ताचा कागद आहे. धरण होऊन साठ वर्षं झाली. तो घेऊन आता मला जायचंय. तालुक्यालाच काम झालं असतं तर या खेपा कशाला घालाव्या लागल्या असत्या? असो. यावेळी तिथं जेवलो, तर वाढणाऱ्याला नाव-गाव नक्की विचारीन. तुम्हीही जात असाल, तर विचारा.