घराचे मोल आणि मोजमाप

घर बांधताना माणूस पै-पैचा हिशेब हौसेने मांडतो. संसार मोडताना मात्र त्याच घराचा हिशेब मांडणे त्याला अभद्र वाटते. आमच्या ख्रिस्ती समाजात तर हा संकोच अधिकच. विवाह हा संस्कार. मग त्याच्या अखेरीस फीत घेऊन भिंती मोजायच्या काय?

परभणी जिल्ह्यात आमच्या नात्यातील एका दांपत्यावर हा प्रसंग आला. धर्मगुरूंनी व वडीलधाऱ्यांनी समेटाचे सारे यत्न केले. ते निष्फळ ठरल्यावर उभयतांनी परस्परसंमतीने विभक्त होण्याचे ठरविले. घर पतीच्या नावे. परंतु त्याच्या बांधकामात पत्नीच्या शिलाईची कमाई आणि माहेरचे दागिने गेलेले. “घरातल्या घरात एक आकडा ठरवा, चारचौघांत शोभा नको,” असे काहींचे म्हणणे पडले. आम्ही मात्र मूल्यांकनकारास बोलावण्याचा आग्रह धरला.

त्याला कारण होते. १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात २००१ साली दुरुस्ती होऊन ख्रिस्ती दांपत्यांस परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. परंतु विवाहामुळे पत्नी पतीच्या घराची निम्मी मालकीण होते, असे आपला कायदा मानीत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पण निवासाचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. अशा वेळी पत्नीच्या कष्टांची भरपाई होते ती बहुधा तडजोडीच्या करारातच, आणि त्या करारातील आकडा खरा नसेल तर अन्याय सहीनिशी कायम होतो.

पतीने शासनाचा रेडी रेकनरचा दर पुढे केला. पत्नीने शेजारच्या घराच्या विक्रीची किंमत सांगितली. रेडी रेकनर हा मुख्यतः मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. बाजारभाव त्याहून कमी वा अधिक असू शकतो. मूल्यांकनकाराने जागेचा भाव व बांधकामाची किंमत वेगवेगळी काढली, घराच्या वयानुसार घसारा वजा केला. भिंतीतील तिरकस तडाही त्याने टिपला. आमच्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंत तडकते. थकलेले गृहकर्जही हिशेबात आले. निघालेला आकडा दोघांनाही पूर्णतः रुचला नाही. पण दोघांनीही तो खोटा म्हटला नाही.

श्रद्धेच्या दृष्टीने यात काही वावगे आहे काय? दिवाणी घटस्फोटाने विवाहसंस्काराचे बंधन तुटत नाही, हे ख्रिस्तसभेचे मत स्पष्ट आहे. मात्र १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २३८३) असेही म्हटले आहे की, काही कायदेशीर हक्क, मुलांचे संगोपन वा वारसा यांच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन करता येतो. तो नैतिक अपराध ठरत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात तर खोट्या तराजूचा धिक्कारच आहे. तो तराजू केवळ बाजारातला, असे कोणी समजू नये.

लोकलज्जेपोटी घराची किंमत झाकून ठेवली, तर त्या झाकणाखाली बहुधा दुर्बळाचाच वाटा दडपला जातो. म्हणून धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना आमची नम्र विनंती आहे: समेटासाठी शेवटपर्यंत झटावे, पण तो न साधल्यास मोजमापाच्या वेळी पाठ फिरवू नये. प्रेम आटलेल्या घरातही न्यायाला जागा असली पाहिजे. त्या घरातील मुलांना पुढे दोन्ही दारांतून ताठ मानेने जायचे असते.