माइक मुका झाला तेव्हा

आमचे तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखले जाते. पण एका सप्ताहात कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांचाच आवाज बंद पडला. नवा कंडेन्सर माइक मुका! ‘माल खोटा निघाला,’ म्हणत मी तो परत पाठवायला निघालो होतो.

साध्या डायनॅमिक माइकला वीज लागत नाही. कंडेन्सरला लागते, आणि मिक्सर ती ४८ व्होल्ट वीज आवाजाच्याच वायरीतून पाठवतो. तिला फँटम पॉवर म्हणतात. मिक्सरवरचे तिचे बटण पाहिले, चालू होते. मग वायरीच्या माइककडच्या टोकाला मीटर लावला. पहिल्या पिनेपासून दुसरीवर आणि तिसरीवर साधारण ४८ व्होल्ट दिसायला हवेत. दोन्हीकडे शून्य! मिक्सरच्या सॉकेटवर मात्र वीज पुरी होती. म्हणजे खोट वायरीत. प्लग उघडला, तर पहिल्या पिनेचा डाख सुटलेला.

बटण बंद केले, डाख दिला, आवाज शून्यावर ठेवून वीज सोडली आणि हळूहळू वाढवला. बुवांचा अभंग पार वेशीपर्यंत पोचला.

विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, तरी वावर कोरडे, तर आपण आधी पाइपलाइन धुंडाळतो ना? माइकलाही तोच न्याय लावा. मी तो विसरलो होतो.