सरगीच्या मुळाशी

जंगल म्हणजे झाडं आणि जंगलाचं व्यवस्थापन म्हणजे झाडांची मोजदाद, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की जंगल वाढलं की घटलं हेदेखील आपण आकड्यांतच विचारतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. ते छत्र सालाचं, निलगिरीचं की आमराईचं, याची चौकशी ती व्याख्या करत नाही. उपग्रहाला वरून पानं दिसतात, मुळं दिसत नाहीत. आम्हां दोघांना मात्र गेली काही वर्षं मुळांनीच धरून ठेवलं आहे, आणि त्याला निमित्त झाली एक भाजी.

बस्तरात तिला बोडा म्हणतात, झारखंडात रुगडा, इतरत्र पुटू. पहिले दोन-चार पाऊस पडून गेलेले असतात, उकाडा अजून हटलेला नसतो, अशा दिवसांत जगदलपूरच्या बाजारात बायका तिचे वाटे मांडून बसतात. सुपारीएवढे, मातीने माखलेले गोळे. कापल्यावर आत पांढरा गर निघाला तर कोवळा, काळपट निघाला तर जून. सुरुवातीला किलोला हजाराच्या वर भाव असतो, पुढे उतरतो. आम्ही एका मावशींना विचारलं, की एवढा भाव मिळतो तर घराजवळ लावत का नाही? त्या हसल्या आणि हलबीत काही बोलल्या. हलबीत मराठीचा अंश इतका आहे की विदर्भातल्या माणसाला ती निम्मी तरी कळते. आम्हांला कळलं ते एवढंच : सरगी नाही तर बोडा नाही. सरगी म्हणजे साल.

हे वाक्य शब्दशः खरं आहे. बोडा ही अळंबी, शास्त्रीय भाषेत ॲस्ट्रियस. विदर्भात पावसाळ्यात वारुळांवर येणाऱ्या सात्या वाळवीच्या आश्रयाने जगतात. बोडा जगतो सालाच्या जिवंत मुळावर. सालाच्या बारीक मुळांच्या टोकांना ही बुरशी पायमोज्यासारखी वेढते, मुळाच्या पेशींच्या फटींतून शिरते आणि बाहेरच्या मातीत आपले तंतू दूरवर पसरते. मूळ जिथे पोचू शकत नाही तिथलं पाणी, स्फुरद, नत्र ती झाडाला आणून देते. झाड तिला पानांत तयार झालेली साखर देतं. आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या जोडीला ‘मायकोरायझा’ म्हणजे बुरशी-मूळ असं नाव दिलं. गंमत अशी, की प्रशियाच्या सरकारने त्यांच्याकडे काम सोपवलं होतं ते ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का हे पाहण्याचं. जगदलपूरच्या बाजारात आम्ही विचारलेला प्रश्न असा बराच जुना आहे.

सागाची गोष्ट वेगळी. त्याचीही बुरशीशी भागीदारी असते, पण ती दुसऱ्या जातीच्या बुरशीशी. ही मुळाच्या पेशींच्या आत राहते आणि तिला छत्री म्हणून कधी येतच नाही. त्यामुळे सालाचं जंगल तोडून तिथे साग लावला, की वरून पाहणाऱ्याला एका झाडाच्या जागी दुसरं झाड दिसतं. खाली मात्र सालाच्या मुळांवर जगणाऱ्या सगळ्या बिऱ्हाडाचा शिधा बंद झालेला असतो. सिंहभूममध्ये १९७८ च्या सुमारास वनविकास महामंडळाच्या सागलागवडीविरुद्ध आंदोलन पेटलं. साल म्हणजे झारखंड आणि सागवान म्हणजे बिहार, अशी तेव्हाची घोषणा होती. तिचा राजकीय अर्थ उघड आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमच्या मते ती मृद्‌शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होती.

बस्तरात तर यापुढचं धाडस योजलं गेलं. १९७० च्या दशकात, जागतिक बँकेच्या साहाय्याने, सालाची जंगलं काढून कागदाच्या लगद्यासाठी कॅरिबियन पाइन लावायचं ठरलं. कुरंदी भागात प्रयोगही झाला. विरोधामुळे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती योजना गुंडाळली गेली. पाइनचा इतिहास योजनाकारांना ठाऊक नसेल असं वाटत नाही. पोर्तो रिकोत कित्येक वर्षं पाइनची रोपं पिवळी पडून मरत होती. १९५५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनखालची माती आणून रोपांना घातली, तेव्हा ती उभी राहिली. म्हणजे परक्या झाडाला त्याच्या गावची बुरशी लागते हे माहीत होतं. इथल्या झाडाचंही आपलं गाव असतं, हे मात्र हिशेबात धरलं गेलं नाही.

इथे एक सावधगिरी. झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई लेकरांना भरवते, वगैरे अलीकडे फार लोकप्रिय झालं आहे. त्याचं मूळ सुझान सिमार्ड यांच्या १९९७ च्या कॅनडातल्या प्रयोगात आहे. तो प्रयोग मोलाचाच. पण जंगलात असं घडतं याचा पुरावा लोक समजतात त्यापेक्षा बराच तोकडा आहे, असं याच क्षेत्रातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं. बोड्याला या कवितेची गरज नाही.

‘जंगलाला हात लावू नका’ हा उपायही सालाला मानवत नाही. युरोपात मेलेलं लाकूड जंगलातच राहू द्यावं असं आता सांगतात, आणि ते योग्य आहे : फिनलंडमध्ये वनातल्या सुमारे पाव जाती अशा लाकडावर अवलंबून आहेत. सालाच्या बाबतीत मात्र ताजं तोडलेलं खोड पावसाळ्यात पडून राहिलं, तर त्याच्या रसाच्या वासाने सालपोखरी भुंगेरे लांबून येतात. त्यांच्या अळ्या आधी सालीखालचा भाग आणि बाहेरचं लाकूड खातात, मग गाभ्यात शिरतात. १९९७-९८ मध्ये मंडला-दिंडोरीकडे या किड्याची साथ आली, आणि ती रोखण्यासाठी किती झाडं तोडावीत यावरून मोठं रण माजलं. उपाय म्हणून वापरतात तोही हाच वास : सालाचे ओंडके ठेचून ठेवायचे, रस पिऊन सुस्तावलेले भुंगेरे लोकांनी वेचायचे आणि नगाप्रमाणे मजुरी घ्यायची. वनखात्याच्या कामांत आम्हांला हे एक काम विशेष आवडतं, कारण त्यात झाड, कीड आणि माणूस तिघांच्याही सवयी ठाऊक असाव्या लागतात.

असो. हसदेवच्या अरण्यात कोळशासाठी साल तोडला जातो आहे, आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडे लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर होतात. त्या रोपांत साल किती, हे विचारलं पाहिजे. साग लावणं सोपं आहे : रोपवाटिकेत वाढवायचा, मुळाचा आणि खोडाचा तुकडा कापायचा, पहिल्या पावसात जमिनीत खोचायचा. सालाचं बी पिकतं जूनमध्ये, आणि त्याची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. उगवलेलं रोप दरवर्षी वरून वाळून जातं, पुन्हा फुटतं, पुन्हा वाळतं. अशी कित्येक वर्षं जातात, आणि त्या काळात मूळ तेवढं जाड होत राहतं. लागवडीची तपासणी मात्र पहिल्या काही वर्षांतच आटोपते, आणि वहीत त्या रोपासमोर ‘मृत’ असं लिहिलेलं असतं.