आजीच्या कांड्यांचा रकाना

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी अर्थशास्त्राच्या एम.ए.ला गेले आणि पहिल्याच सत्रात प्रकल्प हाती आला: घरगुती उत्पादनाकडून कारखानदारीकडे झालेला बदल आकड्यांत मांडून दाखवा. मी इचलकरंजीची. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा विषय घरचाच निघाला.

एक्सेलमध्ये दोन रकाने केले. यंत्रमागाला पैसा एकदम घालावा लागतो, पण कापड जितकं जास्त निघेल तितका त्याचा भार मीटरमागे कमी होतो. हातमाग स्वस्त, पण प्रत्येक मीटरला तेवढीच मजुरी. ज्याला तोटा होईल त्याने पुढच्या वर्षी हातमाग सोडायचा, एवढाच नियम घातला. सहाव्या वर्षी हातमागांची संख्या शून्य झाली.

मी तीन दिवस सूत्रं तपासत बसले. चूक सापडेना. दातारांच्या यंत्रमागाला साठ वर्षं होऊन गेल्यावरही आजोबा सोप्यातल्या खड्डामागावर लुगडी विणत होते, हे तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग कागदावर ते सहाव्या वर्षीच कसे संपले?

सरांनी पान पाहिलं आणि एकच विचारलं, "सूत कोण कातत होतं?" कातणं आणि विणणं मी एकाच रकान्यात कोंबलं होतं. वेगळं करायला बसले तेव्हा कातण्याचे आकडे वाचून हादरले. शंभर पौंड कापूस हाताने कातायला 50,000 तासांहून अधिक लागत. क्रॉम्प्टनचा 1779 चा म्यूल, म्हणजे सूत कातायचं यंत्र, आला आणि ते काम 2,000 तासांवर आलं. 1825 च्या सुमारास रॉबर्ट्सच्या स्वयंचलित म्यूलवर 135 तासांवर. यापुढे चरखा टिकणं शक्यच नव्हतं. विणण्यात मात्र यंत्राची आघाडी इतकी अफाट नव्हती, आणि ज्या गिरण्यांनी कातणाऱ्या बायकांचं काम काढून घेतलं, त्यांचंच स्वस्त सूत विणकराच्या मागावर चढलं. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांचं म्हणणंही इथेच कळलं: इंग्लंडात मजुरी महाग म्हणून यंत्र परवडलं, मजुरी स्वस्त तिथे यंत्राची घाई नसते.

सुताचा भाव खाली आणला. हातमाग चौदाव्या वर्षापर्यंत ओढला गेला. साठ वर्षं अजून दूरच होती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आजीला विचारलं, "कांड्या भरायचं किती मिळायचं गं?"

"घरच्या कामाचं कोण देतंय?" ती म्हणाली.

पहाटे चूल पेटायच्या आधी ती रहाटावर कांड्यांवर सूत गुंडाळायला बसायची. दुपारी पुन्हा, रात्री दिव्याखाली पुन्हा. तिच्या दोन्ही जावाही तेच करायच्या. धोट्यात कांडी नसेल तर माग थांबतो, म्हणजे या तिघी थांबल्या असत्या तर आजोबांचं लुगडं पुढे सरकलंच नसतं. माझ्या हिशेबात मात्र बाजारभावाने मजुरी घेणारा कांडीवाला बसवलेला होता.

मी त्या कांडीवाल्याच्या मजुरीच्या जागी शून्य घातलं. हातमागांच्या संख्येची खाली कोसळणारी रेघ सपाट झाली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. पुन्हा बाजारातली मजुरी घातली. रेघ चौदाव्या वर्षी शून्यावर आली. बाकी एकही आकडा बदललेला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. हातमाग विणकराच्या कौशल्यावर तगला, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं आजीच्या त्या शून्यात आहे, आणि ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत 25 लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. तुमच्या घरात कुणी कांड्या भरल्या असतील, तर रोज किती तास भरल्या ते आज विचारा आणि लिहून ठेवा.