न पटलेल्याची जपणूक

काही भांडणं आयुष्यभर पुरतात. सिमेआँ ल्यूस या फ्रेंच इतिहासकाराचं भांडण होतं पाचशे वर्षांपूर्वीच्या एका बखरकाराशी, जाँ फ्रुआसारशी.

फ्रुआसार मोठा गोष्टीवेल्हाळ. इंग्लंडच्या राणीच्या पदरी राहिलेला, सरदारांच्या पंक्तीला बसून शंभर वर्षांच्या युद्धाच्या हकिगती गोळा करणारा. पण १३५८ साली, फ्रान्सचा राजा इंग्रजांच्या कैदेत आणि मोकाट सैनिकांची लूटमार चाललेली असताना, पॅरिसच्या उत्तरेकडचे शेतकरी उमरावांवर उठले. त्या ‘जाकरी’च्या बंडात फ्रुआसारला माणसं दिसतच नाहीत, दिसते ती काळी, बुटकी, पिसाळलेली झुंड. ही हकिगतही लिएजच्या जाँ ल बेल या आधीच्या बखरकाराकडून उचललेली.

नॉर्मंडीतल्या एका खेड्यात १८३३ साली जन्मलेल्या ल्यूसला ही झुंड पटेना. पंचविशीतला हा तरुण पॅरिसच्या दप्तरखान्यात बंडात सामील झालेल्यांना राजानं दिलेली माफीपत्रं वाचत बसला. माफी हवी तर सगळं सांगणं आलं: नाव, गाव, आपल्या हातून काय घडलं. कुणी म्हणे, सगळं गाव निघालं, मी मागे राहिलो असतो तर मलाच मारलं असतं. कारकुनी साच्याच्या मजकुरातून एकेक गडी असा तोंड वर काढतो. १८५९ साली ल्यूसनं बंडाचा इतिहास लिहिला, तो या कागदांच्या जोरावर.

एवढ्यावर फ्रुआसारला निकालात काढून तो मोकळा झाला असता. पण पुढे तो त्याचाच संपादक झाला. १८६९ पासून जवळजवळ वीस वर्षं, आठ खंड. फ्रुआसारनं आपल्या बखरीचा पहिला भाग पुन्हापुन्हा लिहिला होता. अमियाँचं हस्तलिखित एक सांगतं, रोमचं दुसरंच. ल्यूसनं ते पाठ वेगळे लावले, पाठभेद नोंदवले, मूळ मजकुराला धक्का लावला नाही. संहितेआधी त्यानं सारांश दिला, आणि त्या सारांशाच्या टिपांमध्ये मात्र हिशेब चुकता केला: तारखा, नावं, गावं, सगळं दप्तरातल्या कागदांशी ताडून.

मला या सचोटीचं फार मोल वाटतं. न पटणारं वाक्य खोडायला कितीसा वेळ लागतो? ते जसंच्या तसं राखलं, म्हणूनच त्याचा डौल आणि त्यातला पक्षपात दोन्ही आज तपासता येतात. १८९२ साली ल्यूस गेला; काम गास्ताँ रेनोनं पुढे चालवलं. फ्रुआसारशी भांडायला आता कुणीही बसावं. लागणारे कागद ल्यूसनं समोर मांडून ठेवलेत, प्रतिपक्षाचेसुद्धा.