निळी शाई

निळा म्हणजे निळा, त्यात शोधायचे ते काय, असे मला गेल्या वर्षापर्यंत वाटत असे. मी पडलो शाळामास्तर. तांबड्या शाईचा धनी. पण गेल्या दिवाळीआधी माळ्यावरची ट्रंक आवरताना अण्णांची वही हाती आली आणि या निळ्याने मला पुरते नादी लावले.

त्या वहीत आमची वंशवेल आहे. आजोबा गेले त्या वर्षी, १९८६ साली, अण्णांनी ती शाईच्या पेनने उतरवून काढली. सात पिढ्यांची नावे, अक्षर मोत्यासारखे. अण्णांच्या नावाखाली एकच फांदी, आणि तिच्या टोकाला मी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई कुठेच नाही. अण्णांच्या मनात वाईट काही नव्हते. वेलीवर मुली मांडायच्या नसतात, ही पिढीजात समजूत. पण वही कितीदा तरी चाळूनही ती रिकामी जागा मला पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम दिसली, हे कबूल केलेच पाहिजे.

मनात आले, ताईचे नाव तिथे घालावे, आणि असे की अण्णांनीच लिहिलेसे वाटावे. भाऊबीजेची केवढी ओवाळणी! अण्णांचे अक्षर मला साधते. प्रगतिपुस्तकावरच्या सह्यांनी तो सराव लहानपणीच दिला आहे. प्रश्न होता शाईचा.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात जाऊन निळी शाई मागितली. दुकानदार म्हणाले, "कुठली निळी, मास्तर? रॉयल ब्लू, की ब्लू-ब्लॅक?" १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या-वड्या करून ज्या धंद्याला आरंभ केला, त्यातूनच पुढे कॅमलची दौत आमच्या दप्तरात आली. त्या दौतीपलीकडे माझे शाईचे ज्ञान गेले नव्हते. मी तीन बाटल्या घेऊन घरी आलो. एक फार टवटवीत निघाली, दुसरी जांभळट, तिसरी मोरपंखी. पाणी घालून पाहिले, थेंबभर काळी मिसळून पाहिली. बोटे निळी झाली, टेबलावरचा अभ्रा निळा झाला, आणि सौभाग्यवतींचा चेहरा तांबडा झाला. अण्णांचा निळा काही जुळेना.

शेवटी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना वही दाखवली. ते म्हणाले, "पूर्वी पुष्कळशा पक्क्या ब्लू-ब्लॅक शाया मायफळ आणि हिराकस यांच्या असत. ही त्यातलीच दिसते. तशी शाई लिहिताना फिकी उमटते, म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. हवा लागली की लोहाचा अंश काळा पडतो. वर्षे जातात तसा निळा विटत जातो. त्यातून कागद पिवळा पडलेला. पिवळ्यावर निळे हिरवटच दिसणार."

म्हणजे मी शोधत होतो तो रंग अण्णांनी लिहिताना पाहिलाच नव्हता! शाई बाटलीत मिळते. चाळीस वर्षे कोण बाटलीत भरून विकणार?

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर मी वही तिच्यापुढे ठेवली आणि ओशाळून सारी हकीगत सांगितली. ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली.

"ही जागा मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "अण्णा लिहीत होते तेव्हा मी शेजारीच बसले होते. दर ओळीवर टीपकागद मी दाबत होते. माझं नाव आता येईल, मग येईल, म्हणून वाट पाहत होते."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. दहा वर्षांची ती पोर चाळीस वर्षे याविषयी एक अक्षर बोलली नव्हती.

"अरे, त्यांचं अक्षर काढून त्यांच्या चुकीवर पांघरूण कशाला घालतोस? मागाहून लिहिलंय ते दिसू दे. आणि माझं एकटीचं नको. दोघी आत्यांचंही लिही." मग तिने तिन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "यातली पाण्याने न जाणारी कुठली?"

ती मोरपंखी निघाली. मी माझ्याच वाकड्या अक्षरात तीन नावे लिहिली. पिवळ्या पानावर ती अगदी परकी दिसत होती, अन् त्यांच्यावरून नजर हलत नव्हती. ताईने सवयीने टीपकागदासाठी हात पुढे केला. आता घरात टीपकागद कुठला? शाई वाळेपर्यंत आम्ही दोघे वहीपाशी बसून राहिलो.