फवारणी पंपाच्या बॅटरीवर व्हिडिओचा लाइट

शिक्षक मित्रांनो, आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि व्हिडिओ आता आपण सगळेच करतो. पण पोरगं खिडकीकडे पाठ करून कविता म्हणतं, अन् चेहरा काळाठिक्कर! घरी आईनं मोबाईलवर बघायचं काय?

टेंभुर्णीच्या आसपास बऱ्याच घरी बॅटरीवरचा फवारणी पंप असतो. त्याची बॅटरी 12 व्होल्टची. तिला औषध लागलेलं असतं, आधी नीट पुसा. मुलांच्या हाती देऊच नका. 12 व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी मीटरभर घ्या, खुणेवरच कापा आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा, म्हणजे तापत नाही. प्लसच्या वायरीत 2 अँपिअरचा फ्यूज हवाच. पट्टी 12 वॅटची असेल तर 1 अँपिअर खाते, म्हणजे 8 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी पाच-सहा तास सहज पुरते.

पट्टीपुढे चार बोटांवर बटर पेपर लावा, नाहीतर मुलं डोळे मिचकावतात. लाइट चेहऱ्यापेक्षा थोडा वर, एका बाजूला. बॅटरीचा प्रवाह डीसी असल्यानं ट्यूबलाइटखाली कधीकधी दिसतात तसे पट्टे व्हिडिओत येत नाहीत. मला तर हाच मोठा फायदा वाटतो.

फक्त फवारणीच्या दिवशी कुणाची बॅटरी मागू नका!